आम्हीच मारलेल्या कावळ्यांची वाट

कावळा उपयोगाचा की उपद्रवाचा, यावर मी एकदा चार पानांचं पत्रक काढलं होतं. त्या पत्रकापायी तोरण्याखालच्या एका गावातले कावळे मेले, माझा पुढचा दात गेला, आणि एका बाईचं घर जाता जाता राहिलं. गावाचं नाव देत नाही. ती माणसं अजून तिथंच आहेत, आणि मलाही तिथं जावं लागतं. माझ्या आत्याचं सासर आहे ते.

मी कामथडीचा. तेव्हा बावीस वर्षांचा होतो. वेठीविरुद्ध, दारूविरुद्ध पत्रकं लिहायची, पुण्याला छापून घ्यायची, मोटारीच्या टपावर भुशाच्या पोत्यात घालून संस्थानच्या हद्दीत आणायची आणि वेल्ह्याच्या बाजारात वाटायची, हा माझा उद्योग. पकडलो की दोन कानाखाली खायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. अन्याय दिसला की त्यावर पत्रक काढलं म्हणजे निम्मं काम झालं, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

मार्गशीर्षात मी किल्ल्याच्या पोटातल्या धनगरवाड्यावर गेलो होतो. चराईच्या त्रासाबद्दल माणसांना विचारायचं होतं. पोचलो तेव्हा वाड्याबाहेर एक शेळी वीत होती. करडाचं डोकं आणि पुढचे दोन पाय बाहेर आले होते, बाकीचं अंग अजून आत. शेळी आडवी पडून कण्हत होती. एवढ्यात दोन कावळे उतरले. एक शेळीसमोर नाचत राहिला, तिनं मान उचलली की मागं, टाकली की पुढं. दुसरा मागच्या बाजूनं आला आणि अजून पुरतं जन्मालाही न आलेल्या त्या करडाचा डोळा त्यानं एका टोच्यात काढला. मी ओरडलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि दुसरा डोळा काढला.

आतून एक म्हातारी धनगरीण गोफण घेऊन धावत आली. दगड सुटला, कावळे उडाले. म्हातारीनं करडू ओढून बाहेर काढलं, त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याची मान मुरगळली. शेळी उठून त्याला चाटायला आली, तेव्हा म्हातारीनं तिला लाथ घातली. मग स्वतःच खाली बसून तिच्या गळ्यात हात टाकला.

"ह्या साली हे तिसरं," ती म्हणाली. "तुमी सरकारावर कागद काढता न्हवं, बाबा? मग ह्या मुडद्यांवर काढा की एक. सरकार निदान डोळं तरी ठिवतंय."

मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं. मथळा होता, 'कावळा: शेजारी की दरोडेखोर?' मी हातचं काही राखलं नाही. करडांचे डोळे, कोंबडीची पिल्लं, बैलाच्या खांद्यावरची जखम टोचून टोचून मोठी करणं, सगळं घातलं. मग मुख्य मुद्द्यावर आलो. ज्या गावात पोरं नाचणीच्या पेजेवर दिवस काढतात, त्या गावात दहाव्याला आणि पितृपक्षात तांदळाचा भात या लुटारूपुढं मांडून त्याला हात जोडणारे आपण कोण? गुलाम! उद्गारचिन्हं मी त्या काळी सढळ हातानं वापरत असे.

हे पत्रक वाटताना मला कुणी अडवलं नाही. फक्त नाक्यावरच्या जमादारानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "ह्यो कावळा म्हंजे नक्की कोन?"

"कावळाच, जमादार."

"काळा कोट घालनारा?"

"पंख असलेला."

"बघा हं," तो म्हणाला आणि एक प्रत स्वतःच्या टोपीत घालून त्यानं मला सोडलं.

नुसत्या पत्रकावर थांबलो असतो तर बरं होतं. मी विषही आणलं. पिसाळलेल्या कुत्र्यांना घालतात तो कुचला. कुठून आणला ते लिहीत नाही. आत्याच्या गावात पाराखाली सभा घेतली आणि घराघराला पुड्या वाटल्या. धनगरवाड्यावरही दोन पुड्या पाठवल्या. गावातून एका घरानं तेवढी पुडी घेतली नाही.

त्या घरचा मालक चाळिशीचा शेतकरी. मी त्याला मामा म्हणायचो. मूलबाळ नव्हतं; तो आणि त्याची बायको, दोघंच. धाकट्या भावाशी वाटणी होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सभेत तो मागं बसून तंबाखू मळत होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "पुढारी, नांगर धरलाय का कदी?"

"नाही."

"मग ऐका. नांगरामागं दिसभर चालनारा न् भाकर न मागनारा ह्यो येकच गडी हाय आमच्याकडं. तासातनं हुमणीची अळी निगंती, ती कोन खातं? तुमचा कागूद खातो का?"

लोक हसले. त्याचा भाऊ त्याच्या पुढंच बसला होता. तो वळून म्हणाला, "दादा, तुजी येक कोंबडी न्हाई ऱ्हायली."

"चोर हाय त्यो, व्हय. म्या कुटं न्हाई म्हनतो? पन गावातला चोर हाय, वळखीचा. ह्याला मारलास तर त्याच्या जागी कोन येनार, ठावं हाय का तुला?"

मी त्याला प्रतिगामी म्हणालो. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "म्हंजी काय रं?" शेजारी म्हणाला, "म्हातारा." मामा म्हणाला, "मग खरं हाय," आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या भावानं मेलेल्या वासराचं मांस विष घालून खळ्यावर पसरलं. इतरांनीही आपापल्या खळ्यावर, उकिरड्यावर टाकलं. मी पाहायला उभा होतो. माझ्या पत्रकाचं असं रोकडं फळ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पहिला कावळा खाऊन वडावर जाऊन बसला. थोड्या वेळानं त्याचे पंख ताठ झाले, मान मागं वळली आणि तो खाली आपटला. जमिनीवर पडूनही तो मरेना. पाठीवर गोल गोल फिरत राहिला. त्याच्याभोवती बाकीचे जमले आणि कल्ला करू लागले. त्या कल्ल्यानं आजूबाजूच्या शिवारातले कावळे गोळा झाले, वडावर फांदी दिसेना. आणि ओरडून ओरडून दमले की तेच खाली उतरून मांस खात होते. मी लिहिलं होतं की कावळा धूर्त पक्षी आहे. त्या दिवशी तो धूर्त नव्हता. आपला माणूस मेला म्हणून आलेल्या पाहुण्यांसारखा तो आला, जेवला आणि मेला.

दुपारपर्यंत वडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धमेल्यांना लोकांनी काठ्यांनी मारलं. बायकांनी मुसळं आणली. एक विहिरीत पडला, तो काढताना एकाच्या हाताला त्यानं मरता मरता असा चावा घेतला की बोट सुजलं. मामाच्या भावानं मेलेल्यांचे पाय सुंभानं बांधले आणि कळकाच्या काठ्यांवर टांगून हरभऱ्यात तोरणासारखे लावले. कुणीतरी हलगी आणली. संध्याकाळी मला चहा पाजला, गूळ घालून. मी तो प्यालो.

वाचलेले कावळे त्या शिवारातून उठले ते पुन्हा आले नाहीत. गावची तीन कुत्रीही मेली. वरच्या धनगरवाड्यावर पहिल्याच दिवशी राखणीचा कुत्रा मेला, तेव्हा म्हातारीनं उरलेली पुडी चुलीत टाकली आणि मला निरोप पाठवला: "तुमचं अवशीद तुमीच खावा."

माघात राब भाजायची तयारी सुरू झाली. आमच्याकडं भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, त्याला फांद्या लागतात. त्या तोडायला माणसं ऐनाच्या झाडांवर चढतात. मामा चढला होता. फांदी त्याच्या कोयत्यानं तुटण्याआधी त्याच्या वजनानं तुटली. तो खालच्या तोडलेल्या खुंटावर पडला. खुंट बरगडीतून आत गेला. तीन दिवस जिवंत होता. शुद्ध होती, पण बोलता येत नव्हतं; तोंड उघडलं की रक्ताचा बुडबुडा यायचा. बायको त्याच्या तोंडाला कान लावून बसायची. भाऊ दारात बसून म्हणायचा, "काय सांगतोय त्यो? काय सांगतोय?"

चौथ्या दिवशी तो गेला. अग्नी भावानं दिला. दहाव्याला मी गेलो. आत्याचा निरोप होता, आणि मलाही जावंसं वाटत होतं.

कानंदीच्या काठी, उंबराखालच्या कातळावर पिंड ठेवला. आम्ही वीस-पंचवीस माणसं मागं सरून उभी राहिलो. बायका अलीकडं बसल्या होत्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कावळा पिंडाला शिवला की मेलेल्याचं मन शांत झालं असं मानतात. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली, असं धरून घरची माणसं एकेक वचन मोठ्यानं बोलतात, आणि ज्या वचनाला कावळा उतरेल ते पाळायचं. एरवी हे पाच-दहा मिनिटांत उरकतं. काठावरचे कावळे पिंड मांडायच्या आधीच घिरट्या घालत असतात.

तिथं एकही कावळा नव्हता. नदीवर एक खंड्या होता, बाकी आभाळ मोकळं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते का मोकळं आहे हे माहीत होतं. ज्यांनी मुसळं चालवली ती माणसं कपाळावर हात धरून वर पाहत होती. एक जण तर "काऽव, काऽव" करून बोलावत होता. विहिरीत पडलेल्या कावळ्यानं ज्याचं बोट फोडलं होतं, तोच. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मीही वर पाहत होतो.

ऊन चढलं. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करतो. शास्त्रात सोय आहे." त्यांनी दर्भ वळायला घेतला.

"गवताचा कावळा काय सांगनार?" भाऊ म्हणाला. "खरा येईस्तवर हलायचं न्हाई. वैनी, बोला. तुमी काय करनार ते बोला."

मामाची बायको, माझी मामी, उठली. पदर नीट केला. कातळाकडं तोंड करून म्हणाली, "जिमीन म्या कशीन. तुमी कसत हुता तशीच. ऐकताय न्हवं?"

कावळा आला नाही.

"बघा!" भाऊ गावाकडं वळून म्हणाला. "दादाला न्हाई मान्य! मरताना त्यो ह्येच सांगत हुता." मग तो स्वतः पुढं झाला. "दादा, जिमीन म्या बघतो. वैनीला पोटाला घालीन, अंगावर लुगडं दीन. ये."

तेव्हाही आला नाही. मला वाटलं, आता गप्प बसेल. पण तो म्हणाला, "ही हितं हाय म्हनून येत न्हाई. हिचा वारा नको त्याला. हिला उठवा हितनं."

असा न्याय! तिच्या बोलण्याला कावळा आला नाही तर दोष तिचा, आणि त्याच्या बोलण्याला आला नाही तरी दोष तिचाच. दोन माणसं पुढं झाली. मामीनं उंबराचं मूळ धरलं. भावानं तिच्या केसांना धरून ओढलं, ती गुडघ्यांवर फरफटली, कातळाला लागून कपाळ फुटलं. बायका ओरडल्या, पण जागची एक हलली नाही. "माहेरी जा, अवदसे," तो म्हणत होता, "आजच्या आज घर खाली कर."

मी ओरडलो, "कावळे नाहीतच तर येतील कुठून?"

सगळे थांबले.

"विष मी आणलं," मी म्हणालो. "घालणारे तुम्ही. या सगळ्या शिवारात कावळा शिल्लक नाही. हे इथल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. आणि तुमच्या दादानं पुडी घेतली नव्हती, या बाईनं घेतली नव्हती. सगळ्यात जास्त तुमच्या खळ्यावर मेले. कळकावर कुणी टांगले? तुम्ही! आता इथं उभं राहून कुणाला हाका मारताय?"

जे मनात सगळ्यांच्या होतं ते बोललं की माणसं मोकळी होतात, असं मी सभांमधून सांगत असे. ती मोकळी झाली खरी. पहिला फटका भावाचा, तोंडावर. दात तिथंच गेला. मग सगळे आले. आत्याचे यजमानही आले. त्यांनी पायातली वहाण काढली होती. "आमाला शिकीवतो!" "त्यानंच इख आनलं!" "बामनासमोर आमची लाज काडतो!" काठ्या बसल्या, लाथा बसल्या. कुणीतरी मला पाण्यात ओढून माझं डोकं दाबून धरलं. पाण्याखाली मला लोकांच्या पोटऱ्या दिसत होत्या, पुष्कळ. मी मरणार असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला कुठलीही चळवळ आठवली नाही.

भटजी आणि गावातले दोन म्हातारे मध्ये पडले म्हणून सुटलो. काठावर पालथा पडून पाणी ओकत होतो, तेव्हा मामी कातळाजवळ गेली. तिनं पिंड पत्रावळीसकट उचलला.

"अवं वहिनी, उचलायचा नसतो तो!" भटजी म्हणाले.

"कावळा हवाय न्हवं सगळ्यास्नी?" ती म्हणाली. कपाळाचं रक्त भुवईतून गालावर आलं होतं. "धनगरवाड्याव हाय. जाती म्या. ज्याला बघायचं त्यानं यावं."

भटजींना शास्त्र सापडेना. दोन्ही म्हातारे तिच्यामागं निघाले, गावातर्फे साक्ष म्हणून. मी उठलो आणि त्यांच्यामागं लंगडत निघालो. भाऊ आला नाही.

चढ दोन तासांचा. ती एकदाही थांबली नाही. पिंडावर पदर धरून चालत राहिली. म्हातारे धापा टाकत होते, एक दुसऱ्याला म्हणाला, "जित्तेपनी त्यानं येवडं चालवलं नसतं तिला." दुसरा म्हणाला, "गप. शिवायला कावळा भेटला पायजे अजून."

धनगरवाड्यावर कावळे होते. म्हशींच्या पाठीवर बसलेले, शेण उचकणारे, माजलेले. मामीनं एका धोंड्यावर पिंड ठेवला आणि चार पावलं मागं आली. तिनं वचन वगैरे काही दिलं नाही. फक्त म्हणाली, "लई दमवलंत." एक कावळा म्हशीवरून उतरला, उड्या मारत आला, आणि भातात चोच घातली.

"शिवला," एक म्हातारा म्हणाला. दुसऱ्यानं हात जोडले.

त्याच क्षणी सणसणत दगड आला आणि कावळा धोंड्यावरून उलटला. धनगरीण गोफण गुंडाळत येत होती. "झालं न्हवं तुमचं काम?" ती म्हणाली. "मग आता माजं. पल्याड शेळी व्यायला बसलीय." तिनं कावळ्याला पायानं दरीत ढकललं, मामीचं कपाळ पाहिलं, आणि आतून हळद आणून त्यावर दाबली.

मी म्हणालो, "मामी, जमीन तुमचीच आहे. कावळा शिवो न शिवो, वाटणी झालेली आहे. मी यावर लिहिणार आहे."

"तुमी लिवलंत," ती म्हणाली, "म्हनूनच तर हितवर चालले."

आम्ही खाली पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिच्या दारात भांडी विखुरली होती. मडकी फोडली होती, तांदूळ मातीत सांडले होते, मामाची घोंगडी अंगणात पडली होती. भाऊ आणि त्याचा मेव्हणा आतून जातं बाहेर लोटत होते.

"शिवला बरं का," म्हातारा म्हणाला. "दोघांनी बघितला."

"डोंगराव शिवलेला म्या धरत न्हाई," भाऊ अंगणात येत म्हणाला. "गावचा कावळा पायजे."

मी तोंड उघडलं, पण ओठ इतके सुजले होते की शब्द निघेना. आणि निघाला असता तरी त्याचा उपयोग झाला नसता. मामी वळचणीकडं गेली. तिथं कोयता खोचलेला होता, तोच, झाडावरून त्याच्याबरोबर खाली पडलेला. तिनं तो उपसला आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, आतला मेव्हणा आणि बाहेरचा भाऊ यांच्या मध्ये.

"भावजी," ती हळू म्हणाली, "जातं हाय तितं ठिवा."

मेव्हण्यानं आधी ठेवलं. भाऊ एक पाऊल पुढं आला. तिनं कोयता वर उचलला नाही, नुसता मुठीत फिरवून धार त्याच्याकडं केली. तिच्या कपाळावरची हळद रक्तानं काळी पडली होती. तो तिथंच थांबला. एकेक करून शेजारपाजारचे दारात आले. सकाळी काठावर न हललेल्या बायकांपैकी दोघी भांडी गोळा करू लागल्या. भाऊ त्यांच्याकडं पाहत राहिला, मग थुंकला आणि गेला.

आत्यानं मला त्या दिवशी घरात घेतलं नाही. मी मामीच्या ओट्यावर बसून राहिलो. ती आत-बाहेर करत होती, सूप घेऊन मातीतले तांदूळ पाखडत होती. शेवटी तिनं सूप माझ्या पुढ्यात ठेवलं.

"बसलाय तर खडं वेचा," ती म्हणाली.